अंड्याच्या टरफलांचं हाड

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. कोणी वाचावी म्हणून नाही, कामाची नोंद राहावी म्हणून. कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीचं लॉगबुक लिहिलं, एक दिवस चुकला नाही.

निर्णय : ठकीचं हाड मी बनवणार.

थोडी पार्श्वभूमी, पुढेमागे लागेल. ठकी म्हणजे आमची एकुलती एक. वय सत्तावीस, जमीन मोजणीच्या ऑफिसात सर्व्हेअर. दिवसभर उन्हातान्हात चालायचं काम. पाच महिन्यांपूर्वी अपघात झाला. गाडी मी चालवत होतो. समोरचा ट्रक अचानक थांबला. कोणाचाच इलाज नव्हता. हा विषय संपला.

उजव्या नडगीचं हाड मध्येच सात सेंटिमीटर नाहीच. चार ऑपरेशनं झाली. बाहेरून लोखंडी सांगाडा आणि आत सळया, अशा अवस्थेत पोरगी खिडकीपाशी पडून असते.

काल हाडांच्या डॉक्टरबाईंनी एक छोटी बाटली दाखवली. आत पांढरे दाणे. कृत्रिम हाड म्हणाल्या. मी हलवून आवाज ऐकला. सिरॅमिक! शंभर टक्के! मी जन्मभर वॉशबेसिनं आणि कमोडं भाजली. ज्यानं एवढी कमोडं भाजली त्याला चार बोटं हाड भाजता येऊ नये?

बाटली दाखवून झाल्यावर डॉक्टरबाई बराच वेळ बोलत होत्या. मी लेबल वाचत होतो. महत्त्वाचं असतं तर हिने सांगितलं असतं. (ही म्हणजे बायको.) ही घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. म्हणजे विशेष काही नसणार.

५ फेब्रुवारी

दिवसभर लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

हाड म्हणजे बहुतेक एक खनिजच. कॅल्शियम आणि फॉस्फेट. विकतचं बनवायला मोठमोठी यंत्रं, निर्जंतुक खोल्या वगैरे. पण जगभर लोक सोप्या पद्धती शोधतायत. त्यातली सगळ्यात सोपी अशी : अंड्याची टरफलं भाजायची, त्यांचा चुना होतो. चुना पाण्यात कालवायचा. त्यात फॉस्फरिक अ‍ॅसिड थेंब थेंब सोडायचं. खाली पांढरा साका बसतो. गाळायचा, वाळवायचा, पुन्हा भाजायचा. झालं हाड. लोकांनी ह्यावर पीएचड्या केल्यात. कमाल आहे.

अंदाज : फेब्रुवारीअखेर माल तयार. मार्चमध्ये ठकी उभी. जूनमध्ये कामावर. ऑफिसने तिची जागा जूनपर्यंत ठेवली आहे, तेवढा वेळ भरपूर झाला.

संध्याकाळी घरात जाहीर केलं की आजपासून प्रत्येकाने रोज तीन अंडी खायची. ही म्हणाली, माझं पित्त कोण निस्तरणार? ठकी म्हणाली, बाबा, एवढी अंडी खाल्ली तर हाड यायच्या आधी पायाला पिसं येतील. आणि हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. प्रयोग लागू पडू लागला म्हणायचा.

९ फेब्रुवारी

अंडी खाणं दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. कारण : ही. पण कोपऱ्यावरचा बेकरीवाला देवमाणूस. दोन बादल्या टरफलं दिली, वर विचारलं की बागेसाठी का? मी म्हटलं, हाडासाठी. त्यानं पुढे विचारलं नाही.

प्रत्येक टरफलाच्या आत पातळ पापुद्रा असतो. तो नखाने काढावा लागतो. आज एकशेदहा काढले. बाल्कनीत वास सुटलाय. वरच्या मजल्यावरून निरोप आला. आपण कुठल्या कामाला हात घातलाय हे त्यांना सांगत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

निश्चय : रोज तीनशे. दोन दिवसांत संपवणार.

१३ फेब्रुवारी

संपली नाहीत. बोटं सोलवटली. उरलेली पापुद्र्यासकट भाजणार. एवीतेवी भट्टीत जळतंच सगळं. हे आधीच सुचायला हवं होतं.

१४ फेब्रुवारी. दुपारी ४

भट्टी मिळाली! दोन गल्ल्या सोडून एक बाई मातीकामाचा क्लास घेतात, त्यांच्याकडे छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे. मी एकतीस वर्षांचा अनुभव सांगितला. त्या म्हणाल्या, माझ्या विद्यार्थ्यांचे चहाचे मग भाजायचे असतात, त्यांना धक्का लागता कामा नये. मी म्हटलं, बाई, मी आहे ना.

नऊशे डिग्री. झाकणाच्या भोकातून आत पाहिलं. आत नारिंगी उजेड, त्यात टरफलं बसलेली. कारखाना बंद झाल्यापासून ते भोक पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. उष्णतेने येतंच.

माल बाहेर काढला तर पांढराशुभ्र. बाईंच्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. निदान एकीने तरी.

१८ फेब्रुवारी

आज मुख्य दिवस होता.

अ‍ॅसिड अगदी हळू सोडावं लागतं. तीन तास, थेंब थेंब. मी चमच्याने सुरुवात केली आणि हात थरथरायला लागला (सकाळी चहा जास्त झाला होता). ठकी खिडकीतून बघत होती. म्हणाली, बाबा, सलाईनचा सेट वापरा. घरात नळ्या होत्याच, तिची इंजेक्शनं सलाईनमधूनच जातात. पडद्याच्या दांडीला बाटली टांगली, खाली पातेलं. ते छोटं चाक तिनं स्वतः फिरवून लावलं, मिनिटाला बारा थेंब. घड्याळही बघितलं नाही. पाच महिने ते चाक बघतेय पोरगी.

मग आम्ही दोघं बसलो. ती थेंब मोजत होती, मी ढवळत होतो. लहानपणी ती गच्चीवर बसून विमानं मोजायची तसं. मध्येच म्हणाली, बाबा, त्या दिवशी डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत का? मी म्हटलं, ऐकलं ऐकलं, तू मोज. ती म्हणाली, नाही, खरंच ऐकलंत का? मी म्हटलं, आकडा चुकेल.

तिनं मोजले. आठशे आणि काहीतरी. मग झोप लागली तिला.

उरलेलं अ‍ॅसिड मी एकदमच ओतलं. ही पाच वाजता येणार होती आणि पातेलं तिचं होतं.

२३ फेब्रुवारी

पहिला घाणा अकराशे डिग्रीला भाजला. (लॉट म्हणत होतो, पण ही घाणा म्हणते, मलाही तीच सवय लागली.) करंगळीएवढा दांडा निघाला. टिचकी मारली तर टणत्कार आला! एका बाजूला किंचित निळसर झाक आहे. मगांना लावायचा निळा कोबाल्टचा रंग भट्टीत राहिला असणार. हाडाला रंगाचं काय, आतच तर राहायचंय.

दोन मग तडकले. बाईंना मी समजावलं की ते मुळातच नीट थापलेले नव्हते. बाईंनी तडकलेले मग उचलून आत नेले. पटलं त्यांना.

दांडा रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. हिच्या साड्यांच्या खाली.

३ मार्च

कपाट उघडलं तर रुमालात पीठ.

चुना. कच्चा राहिलेला चुना हवेतला ओलावा पितो, फुगतो आणि माल फोडतो. आमच्या कारखान्यात पोरसवदा कामगारालाही माहीत असतं. मलाही माहीत होतंच. हवा फार दमट आहे सध्या. शिवाय साड्या पूर्ण वाळलेल्या नसाव्यात.

ठकीने विचारलं, हाड कसं आहे? मी म्हटलं, मुरतंय.

६ मार्च. हॉस्पिटलमधून आल्यावर

ठकीला दोन दिवस ताप आहे. सळईच्या तोंडाशी पू. डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली तेव्हा मी कॅलेंडर बघत होतो. छान फोटो होता, तलावाचा.

डॉक्टरबाई म्हणाल्या (आज मी ऐकलं) की अडचण जागा भरायची नाहीच, अडचण जंतूंची आहे. ते हाडाला चिकटून बसलेत. ह्या पोकळीत काहीही ठेवलं, विकतचं असो नाहीतर तिचं स्वतःचं, तर जंतू त्यातच घर करतील. आता दोन रस्ते आहेत. एक म्हणजे अजून दीड-दोन वर्षं सांगाडा, पाच-सहा ऑपरेशनं, आणि तरी खात्री नाही. दुसरा म्हणजे गुडघ्याखाली पाय काढायचा. कृत्रिम पायावर काही महिन्यांत चालता येईल.

थोडक्यात, डॉक्टरबाईंकडे दोन पर्याय आहेत. तिसरा माझ्याकडे.

मी खिशातून दुसऱ्या घाण्याचा नवा तुकडा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी हातात घेऊन बघितला, दोन्ही बाजूंनी. म्हणाल्या, तुम्ही घरी केलंत? कौतुक वाटलं मला. मग कागदावर ठेवला आणि हात धुतले. कौतुक वाटलं, असं स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या. साक्षीला ही होती.

परत येताना टॅक्सीत ठकी हिच्या खांद्यावर डोकं ठेवून पडली होती. मी पुढे बसलो होतो. गाडी मी हल्ली चालवत नाही. पाठीला त्रास होतो.

१२ मार्च

नवी पद्धत. ह्याला तोड नाही.

हाड भरीव नसतं, आत जाळी असते. तशी जाळी करायची तर आंघोळीचा स्पंज घ्यायचा, मालाच्या पातळ लगद्यात बुडवायचा, पिळायचा आणि भाजायचा. स्पंज जळून जातो, जाळी उरते. जगात हे असंच करतात. हिचा स्पंज नवा होता. सांगणार होतो.

काय तुकडा निघाला! हजार छिद्रं, पांढरा, पिसासारखा हलका. धावत घरी आलो. ठकीच्या तळहातावर ठेवला. तिनं उजेडाकडे धरला आणि म्हणाली, बाबा, किती सुंदर आहे हो. आणि बोटं जरा मिटली तर चुरा झाला.

ती घाबरली. सॉरी बाबा, सॉरी, मी मुद्दाम नाही केलं, असं म्हणत राहिली. मी म्हटलं, वेडे, ह्या घरात सॉरी म्हणायची गरज नाही. चुकून होतं, माणसाच्या हातून होतं.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. औषधांची गुंगी असणार.

२० मार्च

संशोधन संस्थेत जाऊन आलो. मी पाठवलेल्या पत्राला उत्तर आलं हीच मोठी पावती. तिथले मुख्य साहेब ह्याच पदार्थावर बावीस वर्षं काम करतात. मी पाऊण तास माझी पद्धत समजावली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, फक्त दोनदा घड्याळ पाहिलं.

साहेब म्हणाले, काका, हे बनवणं अवघड नाहीच. टरफलांपासून तर आमची पहिल्या वर्षाची मुलं करतात. अवघड आहे ते माणसाच्या शरीरात ठेवण्याइतकं शुद्ध करणं. आणि ठेवल्यावर काय होतं ते कित्येक वर्षं तपासणं. मग त्यांनी विचारलं, कोणासाठी करताय? मी सांगितलं. त्यांनी समोरची वही मिटली. मग स्वतः उठून माझ्यासाठी पाणी आणलं.

निष्कर्ष : माझी पद्धत इतकी बरोबर आहे की ती पहिल्या वर्षालाच शिकवतात. आणि साहेबांनी स्वतः पाणी आणून दिलं.

नमुना तपासायला ठेवून घेतला.

२७ मार्च

रिपोर्ट आला. कागदावर डोंगररांगेसारखी रेघ. तिथल्या संशोधक मुलीने फोनवर समजावलं की निम्मा चुना आहे, बराचसा दुसराच कुठलातरी फॉस्फेट आणि थोडा कोबाल्ट. कोबाल्ट कुठून आला, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मग. ती म्हणाली, मग काय? मी म्हटलं, नाही, चहाचे मग.

हवा तो पदार्थ किती, असं मी विचारलं. म्हणाली, आहे थोडा. थोडा म्हणजे किती? म्हणाली, काका, आहे.

आहे! शून्य नाही. इथून पुढे फक्त वाढवायचा.

३१ मार्च

मातीकामाच्या बाईंनी भट्टीला विश्रांती द्यायचं ठरवलंय. भट्टीला म्हणजे मला. माझे तुकडे, रुमाल, डबा असं सगळं पिशवीत घालून घरी आणून दिलं. दारातूनच ठकीला पाहिलं त्यांनी. आत आल्या नाहीत. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, मगांचं काही मनात ठेवू नका. मी कशाला ठेवू? मग माझे नव्हते.

पोलिसांकडून अपघाताच्या कागदांची नक्कल आली. त्यातल्या पंचनाम्यात ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता असं लिहिलंय. असेल. टेललाइट बंद असणार त्याचे. कागद ड्रॉवरमध्ये तळाशी ठेवला, उगाच हिच्या हाती लागायला नको.

५ एप्रिल

माझ्याविरुद्ध घरात कट शिजला होता, तो आज उघडकीला आला.

ठकीच्या उशीखाली एक पत्रक सापडलं. कृत्रिम पाय बनवणाऱ्याचं. मागच्या आठवड्यात मी टरफलं आणायला गेलो तेव्हा दोघी टॅक्सीने तिथे जाऊन आल्या. चाकाच्या खुर्चीवरून. मला न सांगता! मी म्हटलं, मला फक्त दोन आठवडे द्या. नवी भट्टी बघतोय, फॉर्म्युला सुधारलाय, शून्यावरून इथपर्यंत आलो मी.

ठकी म्हणाली, बाबा, मला हाड नकोय. मला चालायचंय.

मी म्हटलं, हाडाशिवाय कोणी चालतं का?

ती म्हणाली, तिथे एक माणूस होता. जिना चढला माझ्यासमोर. दोनदा. मी म्हटलं परत चढून दाखवा, तर परत चढला.

मी म्हटलं, तो त्यांचा ठेवलेला माणूस असतो.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, पुरे. एवढंच. आवाजही चढवला नाही. मी बाल्कनीत जाऊन पापुद्रे काढत बसलो. संप्रति चाळीस.

९ एप्रिल. सकाळी ९

ताप १०४. ठकी काहीतरी भलतंच बोलतेय, मोजणीची साखळी कोणीतरी ओढतंय म्हणून. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ही तिच्याबरोबर आत बसली. मी मागून येतो म्हटलं, पातेलं गॅसवर होतं.

पातेलं उतरवलं. मग ते हातात घेऊन किती वेळ उभा होतो ते कळलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ३. वॉर्डात

जंतू रक्तात पसरायला लागलेत. उद्या पाय काढणार. ठकीने काल स्वतः सही केली. मला विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं, सत्तावीस वर्षांची आहे.

ताप उतरलाय थोडा. ही खाली औषधं आणायला गेली होती. आम्ही दोघंच. मी तिला सांगायला गेलो की नव्या फॉर्म्युल्यात अ‍ॅसिड पूर्णपणे तुझ्या सलाईनच्या सेटने सोडणार, शेवटच्या थेंबापर्यंत, अजिबात घाई करणार नाही. आणि तोंडातून भलतंच निघालं.

मी म्हटलं, ठके, ट्रक उभा होता.

आता लिहायलाच बसलोय तर नीट लिहितो. दुपारचे अडीच वाजले होते. लख्ख ऊन. टेललाइटचा प्रश्नच नव्हता. उजव्या हाताला आमच्या बंद कारखान्याचं धुराडं दिसत होतं आणि मी तिला ते दाखवत होतो. बुंध्याशी दुरुस्ती झाली तेव्हा काही विटा मी स्वतः लावल्या होत्या, त्या कुठल्या ते सांगत होतो. ह्याआधी दहादा सांगितलंय. ती बाबा एवढंच म्हणाली. पुढचं बोलायला वेळ नव्हता.

समोरचा ट्रक अचानक थांबला, हे वाक्य माझं नाही. पोलीस वॉर्डात आले तेव्हा ते तिनं सांगितलं. पाय तसा असताना, पडल्या पडल्या. मी शेजारी उभा होतो. मी मान डोलावली. आणि ह्या वहीच्या पहिल्या पानावर तेच उतरवून घेतलं, जणू मीच पाहिलं होतं.

ठकी म्हणाली, मला माहितीये बाबा. मी जागीच होते की.

मी म्हटलं, मग तसं का सांगितलंस?

ती म्हणाली, पोलीस यायच्या आधी तुम्ही हॉस्पिटलच्या जिन्यात बसला होतात. खरं सांगितलं असतं, तर परत तिथे जाऊन बसला असतात आणि उठलाच नसतात.

मग थोड्या वेळाने म्हणाली, आता ते हाड बंद कराल? मी तुमच्यासाठी मोजले थेंब. पायासाठी नाही मोजले.

मी सॉरी म्हणालो. फार वाईट म्हणालो. आवाज फाटला, पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी मान वळवली. ठकीने माझा हात धरून ठेवला, आणि नंतर पाणी मागितलं.

१२ एप्रिल

सकाळी साडेआठला आत नेलं.

ऑपरेशनच्या आधी वॉर्डातल्या कारकुनाने एक फॉर्म दिला. काढलेल्या भागाचं काय करायचं, नातेवाईक ताब्यात घेणार की हॉस्पिटलने विल्हेवाट लावायची. ही म्हणाली, तुम्ही बघा, माझ्याच्यानं वाचवत नाही.

मी विचारलं, विल्हेवाट म्हणजे? कारकून म्हणाला, आमची भट्टी आहे मागे. मी विचारलं, किती डिग्रीला चालते? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वेडा आहे. मी म्हटलं, माझा धंदा होता तो. तेव्हा म्हणाला, हजारच्या वर जाते म्हणे.

हजारच्या वर हाडातलं बाकी सगळं जळून जातं. मागे राहतं ते पांढरं, हलकं, हजार छिद्रांचं. चुना नाही, कोबाल्ट नाही. साहेबांच्या मशीनमध्ये घातलं असतं तर एक रेघ इकडची तिकडे झाली नसती. दोन महिने मी जे करत होतो ते.

हॉस्पिटलने लावावी, ह्यापुढे टिक केली. सही केली. नातं : वडील.

पावणेबाराला बाहेर आणलं. चादर एका बाजूला सपाट होती.

१५ एप्रिल

हिला सांगितलं. घरी, दुपारी. ती ठकीचे कपडे इस्त्री करत होती. धुराडं, ट्रक, पोलिसांसमोर मान डोलावली ते, सगळं.

ती इस्त्री करत राहिली. पाच-सहा कपडे झाले. मग ठकीची एक पँट हातात आली, ती तशीच घडी न करता धरून उभी राहिली. उजवा पाय कुठून दुमडायचा ते तिला ठरवता येईना. मी पुढे झालो तर तिनं हात आडवा केला.

रात्रीचं जेवण झाकून ठेवलं होतं. बोलली नाही.

१९ एप्रिल

अजून नाही.

टरफलं, अ‍ॅसिड, डबे सगळं बाहेर काढलं. बाल्कनी धुतली. तीन वेळा धुतली तरी वास जात नाही.

२४ एप्रिल

ठकी घरी आली. दुखतं म्हणते, पण कुठे तर अंगठ्यात. जो नाहीये त्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं होतं. मी रिकाम्या जागी चादरीवर हात ठेवला. इथे? ती म्हणाली, थोडं खाली. तिथे ठेवला. बरं वाटतं म्हणाली. कशाने बरं वाटलं ते विचारलं नाही.

ही आज म्हणाली, मीठ संपलंय. मला उद्देशून.

१६ मे

ठकीच्या ऑफिसातून पत्र आलं. मोजणीच्या जागेवर जूनपासून दुसऱ्याला घेतायत. तिला नकाशे काढायच्या टेबलावर जागा देऊ म्हणतात. तिनं वाचलं, घडी घातली. मी म्हटलं, मी जाऊन बोलतो त्यांच्याशी, एक सविस्तर अर्ज तयार करतो, मुद्देसूद. ती म्हणाली, नको बाबा. मी म्हटलं, बरं.

त्यानंतर ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता. ही दाराबाहेर उभी होती, मी पॅसेजच्या ह्या टोकाला.

२ जून, सोमवार. दुपारी १

आज पाय बसवला.

मोठी खोली, समोरच्या भिंतीला पूर्ण आरसा, मधे दोन समांतर दांड्या. पाय बनवणारा माणूस खाली बसून स्क्रू पिळत होता. घोट्याच्या जागी नळी आहे, साधी. मला तिथल्या तिथे तीन सुधारणा सुचल्या. एकही बोललो नाही. हिने पर्स खुर्चीवर ठेवली आणि ठकीच्या मागे जाऊन उभी राहिली, पडली तर धरायला. मला वाटलं, पुढून कोणीतरी हवं. म्हणून मी दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हात पसरून उभा राहिलो. पहिल्यांदा चालायला लागली होती तेव्हा असाच राहिलो होतो.

ठकी उठली. दांड्या इतक्या घट्ट धरल्या की बोटं पांढरी झाली. एक पाऊल. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरं. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. तिसऱ्याला गुडघा लचकला, हिने धरलं. पुन्हा उभी राहिली. ओठ दाताखाली. मी म्हणत होतो, ये, ये, अगदी जमतंय, असंच, ये.

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, बाबा, बाजूला व्हा ना जरा. मला आरशात पाय दिसत नाहीये.

बाजूला झालो. खुर्चीवर हिची पर्स होती, ती मांडीवर घेऊन बसलो.